मदत हवी आहे: सरकारी पैशातून झालेल्या कर्करोग उपचाराच्या किमतीबद्दल माहिती अधिकार

मंडळी, आम्ही ठाण्यातले काहीजण रुग्णहक्कांवर काम करतो. नेक्सकार-१९ ही रक्ताच्या कर्करोगावरची कार-टी उपचारपद्धती (रुग्णाच्याच प्रतिकारक पेशी बदलून त्यांना कर्करोगाशी लढायला लावणारी) आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने विकसित केली. चाचण्यांचं बरंचसं काम आपल्या खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्याच संशोधन केंद्रात झालं, बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेचं अनुदानही होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. अमेरिकेत अशा उपचाराला तीन-चार कोटी लागतात, त्या मानाने हा खूपच स्वस्त. तरी लाखांतच, आणि घर विकल्याशिवाय ते कितीजणांना जमणार?

म्हणून विचारायचंय एवढंच: सरकारने किती पैसा घातला आणि हा उपचार बाजारात आणणाऱ्या कंपनीला परवाना देताना किमतीबाबत काही अट होती का? संकेतस्थळं चाळून झाली, अनुदानाचे त्रोटक उल्लेख सापडले. कराराच्या अटी कुठेच नाहीत.

आधी एका वेगळ्याच विषयावर आमचा अर्ज माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(घ), म्हणजे व्यापारी गोपनीयता, दाखवून फेटाळला गेला होता. त्यामुळे या वेळी अख्खा करार मागायचा नाही, फक्त रक्कम आणि किमतीचं कलम. वकील परवडणार नाही. अर्ज मराठीत लिहून तयार आहे, इंग्रजीतही करता येईल. उपचारासाठी आर्थिक मदत कुठे मिळते ते माहीत आहे, ते नकोय.

अर्ज आयआयटी मुंबई, टाटा मेमोरियल आणि बायरॅक या तिन्ही संस्थांकडे वेगवेगळा करावा, की एकीकडे करून कलम ६(३) खाली बाकीच्यांकडे वर्ग होऊ द्यावा? आणि कलम १० नुसार करारातला फक्त काही भाग मागून तो केंद्रीय माहिती आयोगापर्यंत जाऊन कुणी मिळवलाय का?