बारा मिलिमीटर जाडीचे चामडे यंत्रावर शिवता येईल का?

प्रश्न
कोल्हापुरात बैलांच्या गळ्यातले घुंगरांचे पट्टे करण्याचे माझे काम आहे. बाभळीच्या सालीत व हिरड्यात कमावलेल्या म्हशीच्या चामड्याचे दोन थर एकमेकांवर चिकटवले की जाडी 12 मिलिमीटरपर्यंत जाते. चपलांचे वरचे पट्टे ज्यावर शिवतो, त्या सपाट यंत्रावर हे काम घेतले, तर टाके सुटतात आणि दोऱ्याची गाठ खालच्या बाजूस उघडी राहते. मोटर अधिक ताकदीची बसवून भागेल का, की यंत्रच बदलावे?

उत्तर १
मोटर बदलून हा प्रश्न सुटणार नाही, कारण अडचण ताकदीची नसून जागेची आहे. फूट (चामडे वरून दाबून धरणारा यंत्राचा पाय) पुरेसे वर उचलले गेले पाहिजे, सुईदांड्याची (सुई वर-खाली नेणाऱ्या दांड्याची) धाव तेवढी लांब हवी आणि खालून दोऱ्याचा फास पकडणारे शटलही मोठे हवे. आपण 441 वर्गातील, म्हणजे जाड चामड्यासाठीच्या जड यंत्रांपैकी, नळीसारख्या हाताचे यंत्र पाहावे. त्यात सुई, फूट व खालचा दाता एकत्र पुढे सरकतात, त्यामुळे वरचा थर मागे राहत नाही. सतत पूर्ण वेगाने फिरणाऱ्या क्लच मोटरऐवजी वेग हवा तसा कमी करता येणारी सर्व्हो मोटर व गती कमी करणारी पुली असावी, म्हणजे वळणावर एकेक टाका सावकाश घालता येतो.

उत्तर २
यंत्र योग्य असले तरी सुई-दोऱ्याचा मेळ नसेल, तर दोष तसाच राहील. टेक्स 270 (टेक्स म्हणजे दोऱ्याच्या जाडीचे माप) च्या बॉन्डेड, म्हणजे पीळ सुटू नये म्हणून लेप दिलेल्या, नायलॉन दोऱ्याला साधारण 200 क्रमांकाची, चामड्यासाठी टोक घडवलेली सुई लागते. सुई बारीक असली की छिद्र अरुंद पडते, गाठ थरांच्या मध्यापर्यंत ओढली जात नाही, आणि वरच्या दोऱ्याचा ताण (टेन्शन) आवळत गेल्यास दोरा तुटतो. सुटलेल्या टाक्यांचे कारण यंत्राजवळ डोळे नेऊन पाहावे: सुई वर येताना घट्ट चामडे तिच्यासोबत किंचित उचलले जाते, दोऱ्याचा फास तयारच होत नाही आणि शटलच्या टोकाला पकडायला काही उरत नाही. अशा वेळी फुटाचा दाब वाढवावा. टाका 5 ते 6 मिलिमीटरचा ठेवावा, कारण दाट छिद्रांच्या रेषेवरच पट्टा फाटतो.

उत्तर ३
वरील दोन्ही सूचनांशी मी सहमत आहे, मात्र बक्कल व कडी जिथे बसते ती टोके यंत्रावर सोडू नयेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. यंत्राच्या टाक्यात वरचा व खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात, म्हणून एक घासून तुटला की शेजारचे टाकेही सैल होऊ लागतात. आरीने छिद्र पाडून दोन सुयांनी हाताने घातलेल्या शिवणीत प्रत्येक छिद्रातून दोन्ही दोरे आरपार जातात, त्यामुळे एक तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. जनावराच्या मानेवर सारा ओढा याच टोकांवर येतो. मधली लांब शिवण यंत्रावर खुशाल घ्यावी, पण आधी कडेने उथळ खाच काढावी, म्हणजे दोरा पृष्ठभागाखाली बसतो आणि घासला जात नाही.

प्रश्नकर्ता
टोके हातानेच शिवीन. 441 वर्गातले जुने यंत्र घेताना काय तपासावे?

उत्तर १
आपल्याच पट्ट्याचा 12 मिलिमीटरचा तुकडा व दोरा सोबत न्यावा आणि चाक हाताने फिरवून टाके घालून पाहावेत. शटलचे टोक बोथट किंवा खरवडलेले असेल, तर ते यंत्र घेऊ नये.