गच्चीवर स्प्रे कोणी मारला?

जोशी काकू (बी-२०२): माझ्या कुरडयांवर राखाडी ठिपके कुणी पाडले? तीन दिवस गहू भिजवून, पहाटे चारला उठून चीक शिजवलाय. अख्खी चादर वाया गेली.

कुलकर्णी (ए-३०१): गच्चीची किल्ली कोणाकडे होती? रजिस्टरमध्ये सही करायचं ठरलं होतं.

महेश (बी-४०३): काकू, चूक माझी. जोडायच्या प्लॅस्टिक रोबोच्या पार्टांना प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा हात, मारत होतो. तुमची चादर टाकीच्या पलीकडे होती, दिसली नाही. वाऱ्यानं तिकडं उडालं. ठिपक्यांच्या कुरडया कृपा करून तळू नका, रंग पोटात जाईल. गहू मी आणतो, चीक हाटायलाही येतो.

जोशी काकू: गव्हाचं काही नाही रे. आधी एक हाक मारली असतीस तर चादर उचलली असती.

सागर (सी-१०१): काकू, प्रायमर बसलाय, आता कुरडया गंजायच्या नाहीत 😂

शिंदे वहिनी (सी-१०४): सागर, दुसऱ्याच्या कष्टावर हसू नये.

सागर: सॉरी काकू 🙏

पाटील अण्णा (ए-१०२): चाळिशीत खेळणी आणि इकडं मेंटेनन्स थकलेले. चालू द्या.

महेश: अण्णा, माझा मेंटेनन्स भरलेला आहे. पावती टाकू का ग्रुपवर?

पाटील अण्णा: मी कुणाचं नाव घेतलं?

कुलकर्णी: किल्लीचं कोणी बोलेना. २०१९ च्या पुरात किल्ली सापडेना म्हणून आम्ही गाद्या जिन्यात ठेवल्या होत्या. विसरला काय सगळे?

नीलिमा (सी-३०२): महेशदादा, विमानाचा रोबो होतो तोच ना? भाच्यासाठी घ्यायचा विचार आहे. कसा आहे?

महेश: ताई, खरं सांगू? रोबो म्हणून सुंदर आहे, विमान म्हणून लंगडा. गोंद लागत नाही, पार्ट खटकन बसतात. पण पार्ट फ्रेमवरून एका फटक्यात तोडू द्यायचा नाही. आधी लांबून कापायचा, मग उरलेला दांडा निपरनं, म्हणजे छोट्या कटरनं, जवळून, नंतर ४०० आणि ८०० चा पॉलिश पेपर. घाई केली की तिथं प्लॅस्टिक पांढरं पडतं. माझ्या डाव्या पंखाला तो पांढरा डाग कायमचा राहिलाय.

महेश: खरी परीक्षा बदलताना. डोकं छातीत जातं, पाय कमरेच्या आडव्या दांडीवरून पुढं सरकतात, मग हात दोन पायांच्या मधल्या फटीत बसवायचे. ती दांडी पेन्सिलच्या शिशाएवढी. चौथ्या वेळेला ढिली झाली, आता विमान केलं की नाक खाली पडतं. सांध्यातल्या खुंटीच्या गोळ्याला फेविकॉलचा पातळ हात दिला, रात्रभर वाळवला, मग बसवला. थोडा आवळला.

सागर: आणि रंग?

महेश: तिथंच मी चुकलो. जिथं पार्ट एकमेकांवर घासतात तिथं रंग द्यायचाच नाही. जाडी वाढते, सांधा अडतो आणि दोनदा फिरवला की रंग सालपटासारखा निघतो. रेषांत काळा रंग भरताना थिनर गुडघ्याच्या एबीएस प्लॅस्टिकवर सांडलं, सकाळी उभी चीर.

देशमुख सर (बी-१०१): आमच्या नातवाकडं साधा, न बदलणारा आहे, १/१४४ चा. त्याला म्हटलं, १८ मीटरचा रोबो भागिले १४४ कर. साडेबारा सेंटिमीटर आलं. पट्टीनं मोजलं, बरोबर. जपानच्या बांदाई कंपनीनं गंडम या कार्टूनमधल्या रोबोचा पहिला असा किट १९८० साली काढला, ३०० येनला. मुलाला अपूर्णांक शिकवायला याहून चांगली गोष्ट नाही.

महेश: सर, भाच्यासाठी तसाच साधा घ्या असंच ताईंना सांगणार होतो. बदलणारा १४-१५ व्या वर्षी. माझा १० पैकी ६, तोसुद्धा रोबो मोडमुळे.

नीलिमा: म्हणजे पैसे वाया?

महेश: नाही ताई. मुलगी आणि मी महिनाभर एका टेबलावर बसलो. टीव्ही लागला नाही.

शिंदे वहिनी: हे मात्र खरं, तुमच्याकडून रात्री आवाज येत नव्हता.

जोशी काकू: महेश, रविवारी गहू भिजत घालते. बुधवारी पहाटे साडेचारला ये. मुलीलाही आण, सोऱ्या फिरवायला हात लागतात.

महेश: येतो काकू. प्रायमर आता खाली पार्किंगच्या मागं मारीन, आधी ग्रुपवर टाकून.

पाटील अण्णा: पार्किंगच्या मागं माझी गाडी असते.

सेक्रेटरी: किल्ली वॉचमनकडेच आहे. रजिस्टर कालपासून भरलेलं नाही.

कुलकर्णी: कालपासून नाही, मार्चपासून. फोटो टाकतो.