खांदेरीला जायचंय: होडी, भरती-ओहोटी, सोबत आई

प्राजक्ता_डोंबिवली: डिसेंबरात एका रविवारी अलिबागजवळच्या थळसमोरच्या बेटावरचा खांदेरी किल्ला करायचाय. आम्ही चौघं, त्यात सत्तरीची आई, गुडघे दुखतात. घरापासून घरापर्यंत पाच हजारांत बसवायचंय. होडी थळहूनच ना? परवानगी?

दर्यासारंग: थळहूनच. तिकिटाची फेरी नाही, कोळ्यांची अख्खी होडी ठरवायची. दहाजण जमवा, माणशी स्वस्त पडेल. आदल्या दिवशी फोनवर जाऊन-येऊन भाडं, बेटावर थांबायचा वेळ (किमान दोन तास) आणि माणशी लाइफ जॅकेट हे पक्कं करा. वेळ आधी बोलला नाहीत तर अर्ध्या तासात हाका सुरू होतात. बेट मुंबई बंदराच्या ताब्यात आहे, सध्या उतरू देतात का तेही तेव्हाच विचारा. 1867 चं दीपगृह चालू आहे, न विचारता आवारात शिरू नका.

रोरोप्रेमी: भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीने, गाडीसकट मांडव्याला उतरा. आईंसाठी तोच उत्तम मार्ग. बजेट थोडं वाढवा.

अलिबागी: पाच हजार म्हणाल्यात त्या! गेटवेच्या लाँचच्या तिकिटात अलिबागपर्यंतची बस असते. पुढे थळला रिक्षा. पहिलीच लाँच धरा.

गडवेडा: उंदेरीचा जलदुर्गही जोडून करा, समोरच आहे.

दर्यासारंग: उंदेरी नको. तिथे धक्का नाही, शेवाळलेल्या खडकावर उडी मारावी लागते.

नाखवा७: लाँच की रो-रो यावर वाद चाललाय, पाण्याचं कोणी बोलतच नाही. ओहोटीला थळला होडी काठाला लागत नाही, चिखल तुडवावा लागतो. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. त्रयोदशीला 13 × ¾, म्हणजे पावणेदहा. नऊला निघा, साडेबाराला परत. दुपारी खारा वारा (समुद्राकडून येणारा) सुटला की होडी आपटते, सकाळी मतलईत (जमिनीकडून वाहणाऱ्या वाऱ्यात) पाणी शांत असतं.

तक्तेवाला: तिथीने अर्धा-पाऊण तास चुकतो. भरतीचा तक्ता मोबाइलवर मिळतो, तोच बघा.

नाखवा७: तक्ता बघाच. पण दिवस निवडायला तिथी पुरते.

अलिबागी: पाणी माणशी दोन लिटर न्या, बेटावर खाण्यापिण्याची सोय नाही.

गडवेडा: लोखंडी चाकांच्या गाड्यांवरच्या तोफा चुकवू नका. तोफा बऱ्याच गडांवर दिसतात, गाड्यांसकट क्वचितच. 1679 मध्ये शिवाजी महाराजांच्या आरमारातले मायनाक भंडारी यांनी इंग्रजांच्या तोफा झेलत ही तटबंदी उभी केली. ते मनात ठेवून तट फिरा. वेताळाच्या देवळात चपला काढून जा.

नाखवा७: आईंना उतरवताना घाई नको. पिशव्या आधी वर द्या, दोन्ही हात मोकळे. लाट होडीला वर उचलते तेव्हाच पाय धक्क्यावर ठेवायचा. होडी खाली जाताना टाकला तर पाय फटीत जातो.

प्राजक्ता_डोंबिवली: सगळ्यांचे आभार. पाय फटीत जातो हे वाचून ठरवलं, आईला होडीत चढवायचं नाही. अलिबागचा कुलाबा किल्ला करतो, ओहोटीत घोडागाडीने. अष्टमीचा रविवार आहे, नाखवांच्या हिशेबाने भरती सहाला, म्हणजे ओहोटी दुपारी बाराला.

गडवेडा: अहो, खांदेरी सोडू नका!

नाखवा७: ताई, अष्टमी नको. भांगाची, म्हणजे कमी उतरणारी, ओहोटी असते, वाटेतलं पाणी पुरतं सुकत नाही. पंचमी किंवा त्याआधीचा दिवस धरा. पंचमीला भरती दुपारी पावणेचारला, म्हणजे ओहोटी सकाळी साडेनऊला. नऊला किल्ल्यात शिरा, अकराच्या आत बाहेर पडा.