चित्र काढल्यावर मन हलकं का होतं? आणि दुसऱ्या कुणाला त्याचा उपयोग असतो का?

गोदाकाठचा:
नमस्कार मंडळी. मी अंबड एमआयडीसीत सीएनसी मशीनवर आहे, चित्रकला म्हणाल तर शाळेत एलिमेंटरी दिली होती तेवढीच. मागच्या वर्षी वडील गेले, अस्थी, दहावा सगळं रामकुंडावरच केलं. तेव्हापासून काय झालंय माहीत नाही, दर रविवारी सकाळी वॉटरकलर घेऊन घाटावर जाऊन बसतो. दुतोंड्या मारुती, नारोशंकराचं देऊळ, ओल्या पायऱ्या, तेच तेच काढतो. थंडीत नदीजवळ कागद वाळतच नाही, पहिला हात ओला असताना दुसरा मारला की काळ्या दगडाचा रंग पाण्यात उतरतो आणि चित्र जातं, पण खरं सांगतो, त्या दोन तासांत छातीवरचं ओझं उतरतं. ते गेले तेव्हा मी रडलो नव्हतो. भाऊ म्हणतो ह्याने काय होणार, विकणार नाही की कुणी बघणार नाही. माणूस हे का करत असेल?

निफाडची लेक:
दादा, माझी आजी आजोबांपुढे कधी मान वर करून बोलली नाही. पण पहाटे जात्यावर बसली की बाजरीची मूठ घालता घालता सासूचा जाच, माहेरची वाट, लहानपणीच गेलेला मुलगा, सगळं ओवीत यायचं. मी एकदा विचारलं, आजी तुला त्याची आठवण येते का गं, तर म्हणे झालं आता त्याला किती वर्षं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच नावाची ओवी! समोर खुंट्याला हात लावून बसलेली चुलत आजी पदराने डोळे पुसत होती, तिचंही एक पोर गेलेलं. दोघी त्यावर एकमेकींशी कधी बोलल्या नसतील. तुमच्या भावाला हे सांगा.

सिन्नरकर:
उपयोगाचं म्हणाल तर आमच्या तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक घ्या, जन्म १९२२ चा. ज्या नाशकात काळाराम मंदिरात जाण्यासाठी १९३० साली सत्याग्रह करावा लागला त्याच जिल्ह्यातला हा माणूस, आणि बाबासाहेबांचा विचार ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यापर्यंत त्यांनी गाण्यातून नेला. माझ्या वडिलांना सहीपुरतंच लिहिता यायचं पण दादांची गाणी तोंडपाठ. जयंतीला गल्लीत गाणं लागलं की वडील बसल्या जागी ताठ व्हायचे, हे मी डोळ्याने पाहिलंय.

पंचवटीकर:
मला वाटतं लगेच काही बदलत नाही, वेळ लागतो. जरठ-बाला विवाहावरचं, म्हणजे म्हाताऱ्याशी लहान मुलीचं लग्न लावण्यावरचं 'संगीत शारदा' नाटक १८९९ चं, बालविवाहाला आळा घालणारा कायदा १९२९ चा. कायदा नाटकामुळे झाला असं मी म्हणणार नाही, पण तीस वर्षं घराघरात मुलीच्या बाजूने कुणीतरी गात होतं ना. आपल्या नाशकात १९०९ ला विजयानंद थिएटरात इंग्रज कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या तेव्हाही प्रयोग शारदेचाच होता.

गोदाकाठचा:
सगळ्यांचे आभार. ताईची ओवी वाचून काल पहिल्यांदा आईला चित्र दाखवलं. ती काहीच बोलली नाही, दहाव्याला आम्ही बसलो होतो ती पायरी मात्र बरोबर ओळखली आणि बराच वेळ बोट तिथेच ठेवून बसली. रंग ओला होता अजून, बोटाला लागला. पुसला नाही तिने.