तुतनखामुनच्या छोट्या सोनेरी देव्हाऱ्याची प्रतिकृती: वर्खाखालचा थर तडकतो आहे, मदत हवी आहे

नमस्कार. निवृत्तीनंतर मी लाकडी कोरीवकाम शिकलो असून, पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टर यांना 1922 साली सापडलेल्या, प्राचीन इजिप्तचा राजा तुतनखामुन याच्या थडग्यातील छोट्या सोनेरी देव्हाऱ्याची प्रतिकृती सध्या करतो आहे. मूळ देव्हारा जेमतेम अर्धा मीटर उंच आणि लाकडी असून त्यावर सोन्याचा पत्रा चढवलेला आहे. एका बाजूला राजा बदकांवर बाण सोडतो आहे आणि पायाशी बसलेली राणी अंखेसेनामुन त्याला पुढचा बाण देते आहे. मला तेच दृश्य उठवायचे आहे.

माझ्या वाचनाप्रमाणे इजिप्शियन कारागीर जाड पत्रा बारीक खिळ्यांनी थेट लाकडावर ठोकत, तर पातळ वर्खासाठी खडू किंवा जिप्सम सरसात कालवून आधी पांढरा थर देत. (या दोन्हींना मराठीत सरसकट ‘मुलामा’ म्हणतात, ते मला पटत नाही.) सोनेरी रंग मारून मोकळे व्हा, असे मित्र सुचवतात, पण ज्यांच्या श्रद्धेनुसार देवांचे मांसच सोन्याचे आणि हाडे चांदीची होती, त्यांच्या वस्तूला डब्यातला रंग फासणे जिवावर येते. खुद्द राजाच्या तीन शवपेट्यांपैकी सर्वांत आतली, सुमारे 110 किलोची, तेवढीच भरीव सोन्याची आहे. बाहेरच्या दोन्ही सोन्याने मढवलेल्या लाकडाच्याच आहेत.

आता अडचण सांगतो. शिवणीच्या फळ्या जोडून, गरम सरसात चाळलेली खडूची पूड कालवून मी चार हात दिले. दुसऱ्या दिवशी नेमक्या सांध्यावर केसाएवढी चीर दिसली, आणि पितळी वर्ख कापसाने दाबताना कोपऱ्यातला नखाएवढा तुकडा वर्खासकट सुटून बोटाला चिकटून आला. खाली कोरे लाकूड उघडे पडले. सरस जास्त झाला, की खडूच्या आधी नुसत्या पातळ सरसाचा एक हात द्यायला हवा होता? शिवाय मी रत्नागिरीत राहतो आणि आषाढातल्या हवेत एकेक हात वाळायला दीड दिवस लागतो, त्याचाही हा परिणाम असेल का?

इजिप्शियन लोक लाकूड आणि थर यांच्यामध्ये बऱ्याचदा लिननचे कापड चिकटवत. त्याऐवजी धुऊन खळ काढलेले मांजरपाट सांध्यांवर चालेल का? आणि नक्षी लाकडातच कोरावी, की थर ओलसर असताना त्यात उठवावी? देवघरांना किंवा मूर्तींना वर्ख चढवण्याचे काम ज्यांनी स्वतः केले आहे, त्यांनी कृपया सरस, पाणी आणि खडू यांचे प्रमाण वजनात सांगावे. सुटलेल्या कोपऱ्याचे छायाचित्र पहिल्या प्रतिसादात जोडतो.