लुम्फिनीचं तळं आणि एरावनचा ब्रह्मदेव : तुमचे अनुभव लिहा

मागच्या जानेवारीत आईला घेऊन बँकॉकला गेले होते. आईला पहाटे उठून चालायची सवय, आणि लुम्फिनी पार्क साडेचारलाच उघडतं, म्हणून रोज तिथेच जायचो. तळ्याकाठी सत्तरी ओलांडलेल्या आज्या ताई-ची करत असायच्या. पहिल्याच दिवशी आठ वाजता कर्ण्यावरून राष्ट्रगीत सुरू झालं आणि धावणारी माणसं पाय रोवून जागच्या जागी थांबली. आईनेही पिशवी खाली ठेवली, पदर सारखा केला नि ताठ उभी राहिली. गीत संपल्यावर शेजारच्या आजींनी तिला हात जोडले. भाषा एकीचीही दुसरीला येत नव्हती. तरी पुढचे तीन दिवस आजी त्याच बाकावर आईसाठी जागा धरून बसत.

लुम्फिनी म्हणजे लुंबिनी, बुद्धांचं जन्मस्थान. राजा वजिरावुध (सहावा राम) यांनी ही राजघराण्याची जागा एका मोठ्या प्रदर्शनासाठी दिली होती. १९२५मध्ये ते वारले, प्रदर्शन राहून गेलं, पण बाग लोकांना मिळाली. चतुर्मुख ब्रह्मदेवाच्या एरावन देवस्थानाला मात्र आमचं जाणं झालं नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा जातोय. बाग असो वा देवस्थान, तुमचे अनुभव सविस्तर लिहा.

डोंबिवलीकर
लुम्फिनीच्या तळ्यातल्या घोरपडींबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही! आम्ही हंसाची पायडल बोट घेतली होती. बोटीपासून दोन हातांवर पाणी हललं आणि काळ्या अंगावर पिवळे ठिपके असलेली, माणसाएवढी लांब घोरपड दुभंगलेली जीभ बाहेर काढत निवांत निघून गेली. आमचा पाच वर्षांचा मुलगा श्वास रोखून बघत होता. बोटवाल्याने तिचं नाव सांगितलं, 'तुआ न्गन तुआ थोंग'. म्हणजे चांदीचा जीव, सोन्याचा जीव. तिचं जुनं नाव तिथे शिवी म्हणून वापरतात, म्हणून हे शुभ नाव. त्रास देऊ नका, त्या वाटेला जात नाहीत.

सुगरण_नागपूर
एरावनला फुलं आवारातल्या दुकानातूनच घ्या. बाहेर फुटपाथवर एका बाईने माझ्या हातात हार ठेवला आणि मग हजार बाथ मागितले. परदेशात वाद नको म्हणून दिले, पण फार वाईट वाटलं. आत गेल्यावर मात्र झेंडूच्या माळांचा ढीग आणि उदबत्तीचा धूर बघून जीव शांत झाला. समोरच्या मुखापासून सुरुवात करून चारही मुखांना उदबत्ती आणि माळ, प्रदक्षिणा आपल्यासारखीच उजवी घालायची. नवस फेडणारे लोक नर्तकी बोलावतात. एक बाई गुडघ्यांवर बसून हात जोडून रडत होत्या आणि मागे मुकुट घातलेल्या मुली संथपणे नाचत होत्या.

बँकॉकवासी (नऊ वर्षं)
थोडी माहिती. एरावन म्हणजे आपला ऐरावत. तिथे हॉटेलचं बांधकाम चालू असताना एकामागून एक अपघात झाले, तेव्हा ज्योतिषाच्या सल्ल्याने १९५६मध्ये इथे ब्रह्मदेवाची मूर्ती बसवली. १७ ऑगस्ट २०१५ला संध्याकाळी इथे बॉम्बस्फोट झाला, वीस माणसं गेली. मूर्तीच्या हनुवटीलाही मार लागला होता. दोनच दिवसांत देवस्थान उघडलं. चित लोम स्टेशनकडून जाणाऱ्या पुलावरून ते खाली दिसतं, आणि पुलावरून घाईत जाणारे नोकरदारही क्षणभर थांबून हात जोडतात. मीही जोडतो.

औदुंबर_सांगली
एरावनहून चालत थोडं पुढे जा. सेंट्रलवर्ल्ड मॉलच्या बाहेर गणपती आणि त्रिमूर्ती शेजारी शेजारी आहेत. मी कामानिमित्त गेलो होतो. रात्री नऊनंतर जेवून परतताना बघतो तर त्रिमूर्तीपुढे तरुण मुलामुलींची गर्दी, प्रत्येकाच्या हातात लाल गुलाब. विचारलं तर कळलं, गुरुवारी रात्री साडेनऊला हा देव मनाजोगा जोडीदार देतो अशी श्रद्धा आहे.

गुरुवार! आमच्या घरी तीन पिढ्या दत्ताचा गुरुवार आहे. ब्रह्मा, विष्णू, महेश म्हटलं की आम्हाला पादुका, पेढे आणि कृष्णाकाठचा औदुंबर आठवतो. प्रेमाचं मागणं दत्तापुढे कुणी केलेलं मी ऐकलं नव्हतं. पण तिथे शेजारची मुलगी डोळे मिटून इतक्या मनापासून पुटपुटत होती, की मीही चपला काढल्या आणि तिच्या बाजूला उभं राहून 'दिगंबरा दिगंबरा' म्हटलं. उपासाचा गुरुवार होता आणि मी जेवून आलो होतो, प्रवासात वार लक्षातच राहिला नव्हता. तेवढी चूक देवाला सांगून टाकली.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. आईला सगळं वाचून दाखवलं. गुरुवार बघूनच तिकीट काढ म्हणते. आणि औदुंबर, तिचा तुम्हाला एक प्रश्न आहे : गुलाब संध्याकाळी लवकर वाहिला तर चालतो का? साडेनऊला ती झोपलेली असते, आणि लेकीसाठी मागायचंय म्हणते.