मदत हवी आहे: घोड्यांसोबत काम करायचं तर नेमकी कोणती पदवी घ्यावी?

मंडळी नमस्कार,

भाचीसाठी विचारतेय. तिला घोड्यांमध्येच काम करायचं आहे आणि 'वय आहे, उतरेल खूळ' म्हणण्याची वेळ आता निघून गेली आहे. शाळा सुटली की ती रायडिंग स्कूलमध्ये पडीक असते. घोड्यावर बसण्यापेक्षा तिला बाकीचीच कामं जास्त आवडतात. लीद काढणं, खरारा करणं, खुरात रुतलेले खडे उकरून काढणं. मध्यंतरी तिथली एक घोडी व्यायली, तेव्हापासून तर शिंगरं, पैदास आणि वंशावळी याखेरीज दुसरा विषय नाही. कुठला घोडा कुणाचा नातू हे ती घडाघडा सांगते, सख्ख्या चुलत्यांच्या मुलांची नावं मात्र विचारावी लागतात.

शोधाशोध केल्यावर चार वाटा दिसल्या. पहिली, सरळ पशुवैद्यकीय पदवी. देशागणिक पाच ते आठ वर्षं, प्रवेशाची मारामारी आणि अभ्यासात घोड्याइतकेच गाय, कुत्रा, कोंबडी. दुसरी, फक्त घोड्यांवरची पदवी, म्हणजे इक्वाइन सायन्स. आयर्लंडमधल्या लिमरिक विद्यापीठात आहे, अमेरिकेत केंटकी विद्यापीठात आहे, इंग्लंडमध्येही बऱ्याच ठिकाणी आहे. तिसरी, साधी ॲनिमल सायन्स किंवा जीवशास्त्राची पदवी घ्यायची आणि घोड्यांचं काम बाहेर शिकायचं. चौथी भाचीची लाडकी: कॉलेज गेलं उडत, एखाद्या स्टड फार्मवर, म्हणजे घोड्यांची पैदास करतात तिथे, कामाला लागायचं.

भाऊजींचा विरोध नाही, पण त्यांचा एक प्रश्न आहे. उद्या घोडा अंगावर पडला किंवा कंबर गेली, तर नुसत्या घोड्यांच्या पदवीवर ती काय करणार? मला हा प्रश्न रास्त वाटतो. ताई म्हणते, व्हेट होऊ दे, विषय संपला. पण भाचीला रोगनिदान, ऑपरेशन यात काडीचा रस नाही. अभ्यासात बरी आहे, रसायनशास्त्राशी मात्र जुनं वैर आहे.

आणि कॉलेजांच्या वेबसाइट म्हणाल तर सगळ्या एका साच्यातल्या. सोनेरी ऊन, एक मुलगी, एक घोडा, दोघांचे केस वाऱ्यावर. त्यावरून अभ्यासक्रम कसा पारखायचा? या क्षेत्रातल्या लोकांनी किंवा ज्यांची मुलं तिकडे गेली त्यांनी कृपया सांगा. 'छंद म्हणून ठेव' हा सल्ला देऊन झाला आहे, उपयोग शून्य.

प्रतिसाद

मी पशुवैद्य आहे, निम्म्याहून जास्त काम घोड्यांचं. तुमच्या ताईंना आधी निरोप द्या: ज्याला रोगनिदानात रस नाही त्याला व्हेट करू नका.

आमचं काम कसं असतं ते सांगतो. घोड्याला उलटी करता येत नाही. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथली झडप इतकी घट्ट असते की आत वायू किंवा पाणी साठलं तरी ते वर येत नाही. त्यामुळे पोटशूळ हे आमचं रोजचं दुखणं, आणि फोन का कोण जाणे रात्रीच येतो. पोचल्यावर पहिल्यांदा नाडी. स्वस्थ घोड्याची मिनिटाला २८ ते ४४. साठीच्या पुढे दिसली की माझं बोलणं कमी होतं. मग पोटाच्या दोन्ही बाजूंना आतड्यांचे आवाज ऐकायचे, हिरड्यांचा रंग बघायचा, नाकातून जठरात नळी घालायची. मालक शेजारी उभा राहून दर दोन मिनिटांनी "वाचेल ना?" विचारत असतो. यात ज्याला रस वाटतो त्याने व्हेट व्हावं. घोडे आवडतात एवढ्यावर ती पाच वर्षं निघत नाहीत, आणि जीवरसायनशास्त्र सुरुवातीलाच मानगुटीवर बसतं.

आता पैदाशीचं. इथे दोन वेगळी जगं आहेत आणि भाचीला त्यातलं कुठलं हवंय हे आधी ठरवा. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांमध्ये कृत्रिम रेतनातून जन्मलेल्या शिंगराची नोंदणीच होत नाही, जगात कुठेही. घोडीला प्रत्यक्ष घोड्याकडेच न्यावं लागतं. म्हणजे तिथे वंशावळींचा अभ्यास, घोडीचा माज ओळखण्याची नजर, वासरं तयार... माफ करा, शिंगरं विक्रीसाठी तयार करणं, याला किंमत (गायींच्या गोठ्यातून आत्ताच आलोय). शो जंपिंग (अडथळ्यांवरून उड्या) आणि ड्रेसाज (स्वाराच्या इशाऱ्यावर ठरावीक चाली) यांच्या घोड्यांमध्ये मात्र गोठवलेलं वीर्य, भ्रूण प्रत्यारोपण सर्रास चालतं. ते प्रयोगशाळेचं काम आहे, त्यासाठी प्रजननशास्त्र पक्कं लागतं.

वंशावळींचं वेड खरंच असेल तर जनुकशास्त्राकडेही बघा. घोड्याचा जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकीय आराखडा, २००९ साली प्रसिद्ध झाला, ट्वायलाइट नावाच्या थरोब्रेड घोडीचा. त्यानंतर चाली, रंग, आनुवंशिक आजार यांच्या चाचण्या बऱ्याच पुढे गेल्या. ही वाट तुमच्या तिसऱ्या पर्यायातून जाते, आणि ते शिक्षण घोड्यांबाहेरही चालतं. भाऊजींच्या प्रश्नाला हे माझं उत्तर.

प्रतिसाद

डॉक्टरांशी सहमत, फक्त चौथी वाट इतकी हसण्यावारी नेऊ नका. मी स्टड फार्म सांभाळतो. माणूस घेताना मी आधी विचारतो, विण्याचा एक हंगाम पूर्ण केलाय का? पदवीचा कागद नंतर.

हंगाम म्हणजे काय ते ऐका. उत्तर गोलार्धात प्रत्येक थरोब्रेडचा अधिकृत वाढदिवस १ जानेवारी, जन्म कधीही होवो. मेमध्ये जन्मलेलं शिंगरू जानेवारीतल्याच्या बरोबरीने धावणार, म्हणून सगळ्यांना शिंगरं लवकर हवीत. पण घोडी माजावर येते दिवस मोठा झाल्यावर, आणि गाभण राहते अकरा महिने. मग आम्ही डिसेंबरपासूनच ठाणांवर दिवे लावतो, उजेड मिळून सोळा तास भरतील असे, म्हणजे घोडीचं शरीर फसतं आणि महिनाभर तरी आधी माजावर येते. जानेवारी ते मे आमच्याकडे कुणी धड झोपत नाही, कारण घोड्या बहुतेक रात्रीच वितात. आणि कॉलेजच्या परीक्षा नेमक्या याच काळात! जे कॉलेज विद्यार्थ्यांना हंगामात फार्मवर पाठवतं ते खरं. जे सुटीतला 'अनुभव' मोजतं, तिथून आलेल्या मुलांना मी पुन्हा पहिल्यापासून शिकवतो.

तरी पदवी घ्याच. मोतद्दाराचा मॅनेजर पदवीशिवायही होतो, पण विक्री, विमा, घोड्यांचे करार, हिशेब इथे पोचायला ती लागते. पदवीनंतर गोडॉल्फिन फ्लाइंग स्टार्टसारखा घोड्यांच्या व्यवसायाचा प्रशिक्षण कार्यक्रमही आहे. २००३ पासून चालू आहे, दोन वर्षांचा, आयर्लंड, इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, दुबई असं फिरवतात. जागा मोजक्या, स्पर्धा भयंकर.

प्रतिसाद

पाचवी वाट कुणी सांगितली नाही म्हणून: फिजिओथेरपी किंवा ऑक्युपेशनल थेरपी. हिप्पोथेरपीत घोड्याच्या चालीचा उपयोग करून रुग्णावर उपचार करतात, आणि ते करणारा आधी माणसांचा थेरपिस्ट असावा लागतो. डेन्मार्कच्या लिझ हार्टेलला पोलिओमुळे गुडघ्याखाली बळ नव्हतं, तिने १९५२च्या ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजचं रौप्यपदक मिळवलं. तिथून या विषयाला चालना मिळाली. शिंगरं मिळणार नाहीत, पण कंबर गेली तरी पदवी कामाची.

प्रतिसाद

नालबंदीचा विचार केलाय का? खूर महिन्याला सहा ते नऊ मिलिमीटर वाढतं, दर सहा-आठ आठवड्यांनी काम आहेच, मंदी नाही. ब्रिटनमध्ये १९७५च्या कायद्यामुळे नोंदणी असलेल्यालाच नाल ठोकता येते. कंबरेचं मात्र भाऊजींना सांगू नका.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. भाचीला वाचून दाखवलं. पोटशूळ ऐकून ताई गप्प झाली, हे मोठंच काम झालं. भाची दिव्यांच्या गोष्टीवर अडकली आहे, उजेड डोळ्यांतून जातो की कातडीतून, हे विचारतेय. तूर्त कल तिसऱ्या वाटेकडे, पण इक्वाइन सायन्स पूर्ण सोडवत नाही. दोन-तीन कॉलेजांना फोन करणार आहे, काय विचारू?

प्रतिसाद

डोळ्यांतून. एकाच डोळ्यावर निळा दिवा बसवलेले मुखवटेही मिळतात.

फोनवर विचारा: घोडे किती, विद्यार्थी किती, आणि घोडे कॉलेजचे की लोकांनी ठेवायला दिलेले? दुसऱ्यांच्या घोड्यांना विद्यार्थ्यांना हात लावू देत नाहीत. प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्याला किती तास? पैदाशीच्या घोड्या आहेत का, की फक्त बसायचे घोडे? प्रजननशास्त्र, पोषण, संख्याशास्त्र हे विषय ॲनिमल सायन्सच्या मुलांबरोबर शिकवतात का? तसं असेल तर दुसऱ्या वर्षी वाट बदलता येते, आणि तुमचा निम्मा पेच तिथेच सुटतो. शेवटी, गेल्या बॅचची मुलं कुठे लागली. 'घोड्यांच्या क्षेत्रात' हे उत्तर घेऊ नका, हुद्दे विचारा.

धागाकर्ती

पहिला फोन झाला. घोडे किती विचारल्यावर "माहितीपत्रक पाठवतो" म्हणाले. दुसऱ्या ठिकाणच्या बाईंनी घोड्यांची नावंच सांगायला सुरुवात केली, त्यातल्या दोन घोड्या गाभण आहेत. भाचीने फोन माझ्या हातातून घेतला आहे, बाकीचं ती विचारतेय.